दर शंभर सेकंदांनी एक विमान

मागच्या आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "विमानांच्या आवाजाची तक्रार नक्की कुठे करायची?" चार जणांनी कपाळावर हात मारलेलं चित्र टाकलं आणि एकाने "गच्चीवर जाऊन हात दाखवा, थांबतंय का बघा" असं लिहिलं. मी काहीच लिहिलं नाही. उठले आणि कपाटातली निळी फाईल काढली. 2019-20 च्या हिवाळ्यात याच प्रश्नामागे मी पाच महिने फिरले होते. तेव्हा हे कुणी नीट लिहून ठेवलेलं असतं तर माझे निदान दोन महिने वाचले असते. म्हणून तारखांसकट लिहिते आहे.

आम्ही अंधेरी पश्चिमेला राहतो, स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटांवर, चौथ्या मजल्यावर. मी घरीच दहावीच्या गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेते. दुपारच्या शाळेची मुलं सकाळी साडेनऊला येतात आणि सकाळच्या शाळेची दुपारी दोनला. घरात माझे सासरे असतात, तेव्हा वय 81, दोन्ही कानांना यंत्र. मिस्टर सकाळी आठलाच बाहेर पडतात. त्यामुळे त्या हिवाळ्यातल्या विमानांबद्दल त्यांचं मत फार सौम्य आहे.

विमानतळ जवळ असला तरी विमानांचा आम्हाला तसा त्रास नव्हता. कधीतरी एखादं डोक्यावरून जायचं, तेवढंच. 4 नोव्हेंबर 2019, सोमवार. दिवाळीनंतरची पहिली बॅच होती आणि मी फळ्यावर वर्गसमीकरण मांडत होते. दहाच्या सुमारास पहिलं विमान इतकं खालून गेलं की मुलं खिडकीकडे धावली. ती परत जागेवर येईपर्यंत दुसरं आलं, मग तिसरं. साडेअकराला बॅच सुटली तेव्हा माझा घसा बसला होता आणि समीकरण अर्धंच सुटलं होतं. संध्याकाळी साडेपाचनंतर सगळं एकदम थांबलं. म्हटलं, वारा बिरा असेल. मंगळवारी पुन्हा तेच, बुधवारी पुन्हा तेच.

इथे मी पहिली चूक केली. तीन दिवस नुसती चिडले, लिहून काहीच ठेवलं नाही. पुढे प्रत्येक फॉर्मवर "कधीपासून" आणि "किती वाजता" हे रकाने आले आणि ते पहिले तीन दिवस मला आठवणीने भरावे लागले.

गुरुवारी, 7 तारखेला, पोलिसांना फोन केला. तेव्हा 100 नंबर होता, आता 112 आहे. फोनवरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, लाउडस्पीकर आहे का?" मी म्हटलं, "नाही, विमान आहे." पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या म्हणाल्या, "विमान आम्ही कसं बंद करणार, तुम्हीच सांगा." त्यांचंही बरोबर होतं. लाउडस्पीकर, फटाके, बांधकाम यांच्या आवाजाला 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम लागतात आणि मुंबईत ती अंमलबजावणी पोलिसांकडे येते. विमानं त्यांच्या हातात नाहीत. दुसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिसला गेले, तिथेही हेच उत्तर मिळालं, फक्त चहा विचारला नाही.

त्या रात्री मुलीने माझ्या फोनवर विमानं दाखवणारं ॲप टाकून दिलं. नकाशावर पिवळी विमानं मुंग्यांसारखी सरकतात. एकावर बोट ठेवलं की नंबर, उंची, वेग सगळं दिसतं. शनिवारी सकाळी मी ते उघडून बसले आणि चित्र स्पष्ट झालं. नेहमी मुंबईत उतरणारी बहुतेक विमानं पूर्वेकडून, घाटकोपर-कुर्ल्यावरून येतात आणि समुद्राच्या दिशेने उडतात. आता ती वायव्येकडून, वर्सोव्याकडून आत वळून, आमच्या डोक्यावरून दुसऱ्या रनवेवर उतरत होती.

मुंबई विमानतळाला दोन रनवे आहेत हे मला माहीत होतं. पण ते एकमेकांना छेदतात, फुलीसारखे, आणि त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत, हे तेव्हा कळलं. मुख्य रनवे 09/27, म्हणजे साधारण पूर्व-पश्चिम. दुसरा 14/32, तिरका. हे आकडे म्हणजे होकायंत्रावरच्या दिशेतला शेवटचा शून्य उडवलेला अंक: 27 म्हणजे 270 अंश, पश्चिम. 14 म्हणजे 140 अंश, आग्नेय. मुलांना हे सांगितलं तर ती भूमितीपेक्षा यातच जास्त रमली.

मग बातमीही सापडली. ती ऑक्टोबरातच वर्तमानपत्रांत येऊन गेली होती आणि मी ती फराळाच्या गडबडीत रद्दीत घातली होती. मुख्य रनवेचं नव्याने डांबरीकरण होणार होतं. त्यासाठी 4 नोव्हेंबर 2019 ते 28 मार्च 2020 तो सोमवार ते शनिवार सकाळी 9.30 ते संध्याकाळी 5.30 बंद. हे काम पावसाळ्यात करता येत नाही, म्हणून ऑक्टोबर संपल्यावर सुरू करून उन्हाळ्याच्या तोंडावर संपवायचं. म्हणजे आमचा त्रास हा कुणाच्या मस्तीचा भाग नव्हता, रस्ता दुरुस्तीच होती. फक्त वळवलेली वाहतूक आमच्या छतावरून जात होती.

हे कळल्यावर राग थोडा उतरला, आवाज मात्र उतरला नाही. घरातली खरी अडचण बाबांची होती. कानातलं यंत्र माणसाच्या बोलण्यासकट सगळंच मोठं करतं, त्यात विमानही आलं. पहिल्या आठवड्यात ते प्रत्येक विमानाला दोन्ही हातांनी कान झाकायचे. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांनी सकाळी साडेनऊ वाजले की यंत्रं काढून डबीत ठेवायला सुरुवात केली, ती संध्याकाळपर्यंत. विमानाचा प्रश्न सुटला, पण मग दाराची बेल, फोन, मी, कुणीच त्यांना ऐकू येईना. आठ तास ते घरात असून नसल्यासारखे. मला तक्रार करायला भाग पाडलं ते त्या डबीने. शिकवणीचं काय, घसा बसतो आणि सुटतो.

11 नोव्हेंबरला विमानतळाच्या संकेतस्थळावर दिलेल्या अभिप्रायाच्या पत्त्यावर ईमेल केला. आज तो वाचताना लाज वाटते. दीड पान, त्यात "असह्य", "जीवघेणा", "झोपलात का" वगैरे, आणि प्रश्न एकही नाही. आपोआप येणारी पोच आली, पुढे तीन आठवडे काही नाही.

14 तारखेला सायनला प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात गेले. अंधेरीहून दादर, तिथून मध्य रेल्वेने सायन. पत्राच्या दोन प्रती न्या. एक आवक खिडकीत द्यायची, दुसरीवर शिक्का आणि नंबर घेऊन घरी आणायची. शिक्क्याशिवाय कागद म्हणजे तुम्ही तिथे गेलाच नव्हता. मी पत्रात ठणकावून लिहिलं होतं की निवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 डेसिबल ही कायद्याची मर्यादा आहे. आतल्या एका साहेबांनी पत्र वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "बाई, हे आकडे बरोबर आहेत, पण विमानतळाला वेगळे आहेत." आणि पत्राच्याच मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहून दिलं: 2018, पर्यावरण मंत्रालय, 70/65.

तो कागद माझ्याकडे अजून आहे. 2018 च्या जूनमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने विमानतळाभोवतीच्या ध्वनिक्षेत्रासाठी वेगळी मानकं अधिसूचित केली. वर्षाला 50,000 पेक्षा जास्त उड्डाणं-उतरणं असलेल्या गजबजलेल्या विमानतळांसाठी दिवसा 70 आणि रात्री 65 डेसिबल. त्याहून कमी वर्दळीच्या विमानतळांसाठी दिवसा 65 आणि रात्री 60. आणि हे आकडे एका विमानाचे नाहीत, संपूर्ण कालावधीच्या सरासरीचे आहेत. इंग्रजीत त्याला एलईक्यू म्हणतात. तुम्ही तक्रारीत "काल 2 वाजून 10 मिनिटांनी 83 डेसिबल होता" असं लिहिलंत तर समोरचा माणूस "हो, असेल" म्हणून पुढच्या कागदाकडे वळतो, कारण नियमात त्या एका क्षणाला जागाच नाही.

घरी येऊन मुलांना कामाला लावलं. दहावीला सांख्यिकी असतेच. चार मुलांनी एका बॅचमध्ये वही घेऊन नोंद केली: 10.00 ते 11.00, 36 विमानं. दुसऱ्या दिवशी 34, तिसऱ्या दिवशी पुन्हा 36. एका मुलीने लगेच भागाकार केला: 3600 भागिले 36, दर 100 सेकंदांना एक. (एरवी हिला भागाकार सांगितला की तहान लागते.) दुसऱ्याने विचारलं, विमान आपल्यावरून किती उंचीवर आहे? उतरणारं विमान साधारण 3 अंशांच्या उताराने येतं. पुस्तकात 30, 45, 60 अंशच असतात, पण मोबाईलवर 3 अंशाचा टॅन काढला तर 0.052 येतो, म्हणजे दर किलोमीटरमागे 52 मीटर. आम्ही रनवेच्या टोकापासून तीनेक किलोमीटर. धरा 155-160 मीटर. ॲपवर उंची बघितली, फुटांचे मीटर केले, जवळपास तेच. त्रिकोणमिती त्या वर्षी कुणाचीच कच्ची राहिली नाही.

आवाज फोनवरच्या ॲपने मोजला. बाल्कनीत विमान डोक्यावर असताना 80 ते 83. फोनचं मोजमाप अधिकृत धरत नाहीत, ते धरावं म्हणून भांडूही नका. पण आपल्याला अंदाज येतो. आणि मग मुलांच्या लक्षात येईना की 80 च्या वर आवाज जातो तर सरासरी 70 च्या खाली कशी. कारण प्रत्येक विमानाचा खरा जोर पाच-सात सेकंदांचाच, बाकी वेळ रस्त्याची नेहमीची कुरकुर. शिवाय दिवस मोजायचा तो सकाळी 6 ते रात्री 10, सोळा तास. आमची विमानं त्यातले आठच तास. ध्वनीची ऊर्जा निम्मी झाली की डेसिबल 3 ने उतरतात. म्हणजे आठ तासांची सरासरी 69 आली तर सोळा तासांची 66 च्या आसपास. आमचा त्रास हिशेबात बसून कायदेशीर होत होता. त्या दिवशी मी वही मिटली आणि बराच वेळ नुसती बसले.

तोवर 18 नोव्हेंबरला मी केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर, पीजी पोर्टलवर, तक्रार टाकली होती. फुकट आहे, नोंदणी क्रमांक लगेच मिळतो, पीडीएफ जोडता येतं. तेव्हा निकालाची मुदत 60 दिवस होती, नंतर ती कमी होत गेली आणि ऑगस्ट 2024 पासून 21 दिवस आहे. माझी तक्रार एका कार्यालयातून दुसऱ्यात गेली, दुसऱ्याने तिसऱ्यात टाकली आणि 9 डिसेंबरला तिसऱ्याने "या कार्यालयाशी संबंधित नाही" असं लिहून बंद केली. कार्यालयांची नावं घेत नाही. मी जे लिहिलं होतं ते पाहता ती कुणाशीच संबंधित नव्हती: "आमच्या भागात विमानांचा फार आवाज होतो, कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी." योग्य ती म्हणजे कोणती, हे मलाही माहीत नव्हतं. तरी बंद केल्याचा मेसेज वाचून त्या रात्री रडू आलं, हेही लिहूनच टाकते. आवाजापेक्षा ते "संबंधित नाही" जास्त लागलं.

मधल्या काळात 2 डिसेंबरला विमानतळाकडून ईमेलला खरं उत्तर आलं होतं, कुणीतरी बसून लिहिलेलं. माझ्या भाषेचा राग न धरता त्यांनी समजावलं होतं की मुख्य रनवे बंद असताना दुसरा हाच एक पर्याय आहे, वाऱ्यानुसार उतरण्याची बाजू हवाई वाहतूक नियंत्रण ठरवतं, आणि मुख्य रनवेवर तासाला 46 विमानं हाताळता येतात तिथे यावर 36 च्या आसपास. मुलांचा आकडा बरोबर निघाला होता! सगळ्यात उपयोगाची गोष्ट शेवटच्या ओळीत होती: रविवारी आणि काही ठरावीक सुटीच्या दिवशी मुख्य रनवे पूर्ण वेळ सुरू राहील. 25 डिसेंबर, 1 जानेवारी, पुढे थेट 25 मार्च, पाडव्यापर्यंतच्या तारखा.

मी ते पत्र दोनदा वाचलं आणि पहिल्यांदाच तक्रारीऐवजी वेळापत्रक केलं. सकाळची बॅच सातला ओढली. मुलांच्या आयांनी मला मनातून शिव्या घातल्या असतील. दुपारची बॅच संध्याकाळी पावणेसहाला नेली आणि सराव परीक्षा सगळ्या रविवारी. कालनिर्णयवर त्या सुटीच्या तारखांना लाल गोल केले. बाबांची कानाच्या डॉक्टरांची वेळ मुद्दाम दुपारची घेतली, म्हणजे ते निदान दोन तास आवाजाबाहेर. डॉक्टरांनी यंत्राच्या सेटिंगमध्ये मोठे आवाज दाबणारा एक बदल करून दिला, तपासणीचे 500 रुपये. हे आधी सुचायला हवं होतं. तुमच्या घरी यंत्र वापरणारं कुणी असेल तर हे पहिल्या आठवड्यातच करा.

खिडक्यांचंही बघितलं. दुहेरी काचेच्या खिडक्यांचा भाव दर चौरस फुटाला साडेआठशे सांगितला, आमच्या हॉलच्या एकाच खिडकीचे पस्तीस हजारांच्या वर. मिस्टर म्हणाले, मार्चनंतर त्या काचांतून काय बघणार? मग स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून चिकटणारी रबरी पट्टी आणली, 340 रुपये. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीला मध्ये जी फट असते तिथून बराच आवाज येतो. रात्री दिवा बंद करून बाहेरून टॉर्च मारला की फट कुठे आहे ते दिसतं. पट्टी लावल्यावर विमान गेलं तरी ठीक, निदान काच थरथरायची थांबली.

मग आरटीआय. 12 डिसेंबरला केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज केला. फी 10 रुपये, कार्डाने भरता येते. इथे दोन छोट्या अडचणी येतात, आधीच सांगते. मजकुराच्या चौकटीत 3000 अक्षरांची मर्यादा आहे आणि ती फक्त इंग्रजी अक्षरं घेते. मराठीत टाकलं की चूक दाखवते. मराठीत लिहायचं असेल तर पीडीएफ करून जोडा, आणि फाईलच्या नावात मोकळी जागा सोडू नका, नाहीतर ती चढतच नाही. माझा पाऊण तास त्यात गेला. राज्य सरकारच्या कार्यालयाला कागदावर अर्ज करायचा असेल तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, विषय एकच आणि मजकूर 150 शब्दांत. मी तोही एक प्रदूषण मंडळाला केला. 2018 च्या अधिसूचनेची प्रत मिळाली, 4 पानांचे 8 रुपये.

आरटीआयमध्ये "आवाज का होतो" असं विचारता येत नाही. "का" ला माहिती अधिकारी बांधील नसतो. त्याच्याकडे असलेला कागद मागायचा. हे मला सोसायटीतल्या एका निवृत्त मंत्रालयीन काकांनी शिकवलं. त्यांनी माझा पहिला मसुदा लाल पेनाने असा काही कापला की मुलांच्या उत्तरपत्रिका आठवल्या. शेवटी तीन प्रश्न उरले. मुख्य रनवे बंद ठेवण्याच्या आदेशाची प्रत. 4 नोव्हेंबर ते 4 डिसेंबर या काळात 14 च्या बाजूने उतरलेल्या विमानांची दिवसवार संख्या. आणि आमच्या बाजूला ध्वनिमापन यंत्र असल्यास त्या महिन्याच्या नोंदी.

चौथ्या दिवशी मेसेज आला की अर्ज कलम 6(3) खाली दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग झाला. मी धसकले, पुन्हा तेच! पण हे वर्ग करणं चांगलं असतं. चुकीच्या दारात टाकलेला अर्ज पाच दिवसांत योग्य दारात पोचवणं हे कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक आहे. पीजी पोर्टलवरच्या फिरवाफिरवीसारखं ते नाही.

कोण काय बघतं, हे या टप्प्यावर मला नीट कळलं, ते एका ठिकाणी लिहिते. टर्मिनल आणि रनवेची देखभाल विमानतळ चालवणाऱ्या कंपनीकडे. विमान कुठल्या बाजूने उतरवायचं हे हवाई वाहतूक नियंत्रणाकडे, आणि ते विमानतळ प्राधिकरणाचं. विमान उड्डाणाचे नियम डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे. आवाजाची मानकं पर्यावरण मंत्रालयाची. तक्रार एकाच वेळी चौघांना पाठवली की प्रत्येकाला बाकीचे तिघं दिसतात. मी पहिल्या महिन्यात नेमकं तेच केलं होतं.

10 जानेवारी 2020 ला उत्तर आलं, 30 दिवसांच्या मुदतीत. आदेशाची प्रत होती. दिवसवार आकडे होते, दोन पानांचा तक्ता. ध्वनिमापनाबद्दल "सदर माहिती या कार्यालयाकडे उपलब्ध नाही" अशी एक ओळ. त्यावर पहिलं अपील करता आलं असतं. केंद्राच्या कार्यालयात त्याला फी नसते, 30 दिवसांत करायचं असतं. मी केलं नाही. दहावीच्या तोंडी परीक्षा तोंडावर होत्या आणि खरं सांगायचं तर दम संपला होता. ते अपील राहिलं याची आजही चुटपुट आहे.

त्याऐवजी 14 जानेवारीला, भोगीच्या दिवशी, भाजी शिजत ठेवून पीजी पोर्टलवर दुसरी तक्रार टाकली. या वेळी सात ओळी. आदेशाचा क्रमांक, घर रनवेच्या टोकापासून किती, तासाला किती विमानं, मुलांच्या नोंदींचा तक्ता जोडला, आणि दोनच विनंत्या: आमच्या भागात एक आठवडा फिरतं ध्वनिमापन यंत्र लावावं, आणि काम 28 मार्चपुढे लांबणार असेल तर रहिवाशांना आधी कळवावं. आठवड्याभरात ती एका कार्यालयात जाऊन स्थिरावली आणि पुढे कुणी ढकलली नाही. महिनाभराने मी "स्मरणपत्र" चं बटण दाबलं. स्थिती तीच: विचाराधीन.

फेब्रुवारी असाच गेला. आश्चर्य म्हणजे सवय होते. मी वाक्याच्या मध्ये थांबायला शिकले. "म्हणून एक्स बरोबर..." बारा सेकंद, "...वजा चार." मुलंही माझ्याबरोबर श्वास धरायची. 3 मार्चला दहावीची परीक्षा सुरू झाली आणि शिकवण्या संपल्या. गणिताचे पेपर झाल्यावर एका मुलाचा फोन आला: "मॅडम, वर्गात इतकं शांत होतं की सुचेचना."

मार्च पुढे कसा गेला ते सगळ्यांना माहीत आहे. भूगोलाचा 23 तारखेचा पेपर आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला. आठवड्याच्या सुरुवातीलाच आंतरराष्ट्रीय विमानं थांबली आणि 24 तारखेच्या मध्यरात्री देशांतर्गत विमानंही. 25 मार्चला पाडवा. कॅलेंडरवर त्या तारखेला माझा लाल गोल होता, विमान नसलेला दिवस म्हणून. गुढीच्या काठीला साखरेची गाठी मिळाली नाही, कडुलिंब खालच्या झाडाचा. बाल्कनीत उभी राहिले तर आवाज कसलाच नव्हता, रिक्षाचा नाही, लोकलचा नाही. कोकीळ मात्र ओरडत होती, तीही फोनच्या ॲपवर 58 भरली.

बाबांनी साडेनऊ वाजता सवयीने यंत्रं काढून डबीत ठेवली होती. अकराच्या सुमारास पुन्हा घातली, बाहेर येऊन आभाळाकडे बघितलं, मग यंत्र काढून बोटाने ठोकलं, पुन्हा घातलं.

"बॅटरी गेली वाटतं," म्हणाले.

30 मार्चला फोनवर मेसेज आला. माझी तक्रार निकाली काढण्यात आली होती. पोर्टल उघडून बघितलं, शेरा एका ओळीचा होता: सध्या सदर मार्गावरून विमानांची वाहतूक होत नाही. समाधानी आहात का, असं विचारून खाली पाच तारे दिले होते.